फोटो इम्पोर्ट करताना सॉफ्टवेअर बंद पडतं: दोष लांब नावाचा आहे हे ठरवायचं कसं?

इतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही लग्नाचे फोटो काढता. कॉम्प्युटर विंडोजचा, सॉफ्टवेअर कॅटलॉग ठेवणारं, म्हणजे कोणता फोटो कुठे आहे आणि त्यावर काय एडिट केलं याची नोंदवही ठेवणारं. डी ड्राइव्ह भरत आला म्हणून मागच्या सीझनचं काम एक्स्टर्नल डिस्कवर नेलं आणि तिथून नव्या कॅटलॉगमध्ये इम्पोर्ट करायला घेतलं. बाकीचे फोल्डर बिनबोभाट आत जातात, 'निवडलेले फायनल' नावाचे फोल्डर आले की सॉफ्टवेअर कसलाही संदेश न देता गायब होतं. रिइन्स्टॉल करून झालं, ग्राफिक्स ड्रायव्हर बदलून झाला. कोणीतरी म्हणालं, फायलींची नावं फार लांब आहेत, म्हणून आता सगळ्या फायलींना बॅच रिनेम मारायच्या विचारात आहात. आणि डी ड्राइव्हवरची मूळ प्रत उडवून जागा मोकळी करायची आहे.

पहिलं सांगणं: रिनेम थांबवा आणि डिलीट तर अजिबात करू नका. लांब नावावरचा संशय रास्त आहे, पण त्याची खात्री पाच मिनिटांत करता येते. ती न करता हजारो फायलींना हात लावणं म्हणजे नसतं दुखणं ओढवून घेणं.

दुसरं, मोजायचं ते फाइलचं नाव नाही, पूर्ण पाथ मोजायचा. ड्राइव्हच्या अक्षरापासून एक्स्टेन्शनच्या शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं. विंडोजमध्ये एका फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावाला २५५ अक्षरांची मुभा आहे, आणि तेवढं लांब नाव सहसा कोणी देत नाही. अडतं ते दुसऱ्या मर्यादेशी. जुन्या विंडोज प्रोग्रामांसाठी अख्ख्या पाथची मर्यादा २६० आहे. त्यात ड्राइव्हचं अक्षर, कोलन आणि तिरकी रेघ मिळून ३, पुढे २५६ आणि शेवटी 'इथे संपलं' असं सांगणारं एक न दिसणारं चिन्ह. म्हणजे तुमच्या हाती २५९. नवा फोल्डर करताना तर त्याहून आधी, २४८ च्या आसपासच गाडी अडते, कारण आत निदान एक जुन्या पद्धतीचं १२ अक्षरी फाइलनाव मावलं पाहिजे असा हिशेब त्यात धरलेला आहे.

आता तुम्ही पाठवलेला पाथ घेऊ. नवरा-नवरीची नावं बदलली आहेत, बाकी तसाच ठेवलाय:

D:\स्टुडिओ काम\लग्नसराई २०२४\चि. अमुक आणि चि. सौ. कां. तमुक यांचा शुभविवाह सोहळा\दिवस दुसरा - सीमांतपूजन व हळद\कॅमेरा दोन - कँडिड\निवडलेले फायनल\

फाइलच्या नावात पुन्हा पत्रिकेचा तोच मजकूर, मग सीमांतपूजन, मग कॅमेरा दोन, आणि शेवटी कॅमेऱ्याने दिलेलं मूळ नाव व एक्स्टेन्शन मिळून रोमन लिपीतली १२ अक्षरं.

इथे आपल्या लिपीची एक गोम आहे. आपण 'कार्यक्रम' हा शब्द चार अक्षरी मोजतो. विंडोज त्याची ९ मोजतं: क, काना, र, हलन्त, य, क, हलन्त, र, म. 'सीमांतपूजन' आपल्याला सहा अक्षरी, यंत्राला १०. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, जोडाक्षर बांधणारा हलन्त या सगळ्यांचे सुटे पैसे लागतात. त्यामुळे डोळ्यांनी पाहून 'एवढं काही लांब नाही' असं जे वाटतं, त्याच्या दीडपट-दुप्पट धरून चाला.

त्या हिशेबाने तुमचा फोल्डरपर्यंतचा पाथ १४५ भरतो आणि फाइलचं नाव ९२. एकूण २३७. म्हणजे डी ड्राइव्हवर ते बिनतक्रार चालत होतं यात नवल नाही, तिथे २२ अक्षरांची जागा उरली होती. एक्स्टर्नल डिस्कवर मात्र हे सगळं तुम्ही 'बॅकअप - जुनी हार्डडिस्क' या फोल्डरच्या पोटात ठेवलंत. तो फोल्डर आणि त्याची तिरकी रेघ मिळून २४. झाले २६१. मर्यादेच्या दोन पुढे! आणि ज्या फायली 'निवडलेले फायनल'मध्ये नाहीत, थेट 'कॅमेरा दोन'मध्ये आहेत, त्यांचा पाथ १५ नं कमी, म्हणजे २४६. त्या आत जातात. तुमची तक्रार नेमकी याच रेघेवर दुभंगते आहे. मला लांब पाथचा संशय घेण्याजोगा वाटतो तो एवढ्याचसाठी.

मग विंडोजने फायली तिथे जाऊच कशा दिल्या, हा रास्त प्रश्न. तुम्ही लिहिलंय की आधी डिस्कच्या मुळाशी कॉपी केलं आणि नीटनेटकं दिसावं म्हणून नंतर नवा फोल्डर करून त्यात ओढलं. एकाच डिस्कवर फोल्डर इकडचा तिकडे हलवला तर आतल्या फायली जागच्या हलत नाहीत, वरच्या फोल्डरची नोंद फक्त बदलते. आतल्या हजारो पाथांची लांबी त्या वेळी कोणी मोजत बसत नाही. वरच्या फोल्डरचं नाव वाढवलं तरी हेच होतं. फाइल शाबूत असते, जागेवर असते, फक्त तिला जुन्या पद्धतीने हाक मारता येत नाही.

नेटवर्कवर हाच प्रकार आणखी फसवा होतो. मिरजेच्या एका स्टुडिओत असिस्टंटच्या मशीनवर सगळे फोल्डर उघडायचे आणि मालकांच्या मशीनवर त्यातले काही उघडायचेच नाहीत. दोघंही एकाच सर्व्हरवर काम करत होते. असिस्टंटकडे त्या लग्नाचा आतला फोल्डरच पी ड्राइव्ह म्हणून मॅप केलेला होता, म्हणजे त्याचा पाथ तीन अक्षरांपासून सुरू व्हायचा. मालकांचा पाथ सर्व्हरच्या नावापासून. तोच फोटो एकाकडे मर्यादेच्या आत, दुसऱ्याकडे बाहेर. त्यावरून दोघांत बरीच चिडचिड झाली होती, बिचारा असिस्टंट उगाच बोलणी खात होता.

आता खात्री कशी करायची ते. बहुतेक जण एखादा फोटो डेस्कटॉपवर कॉपी करतात, तिथून तो आत गेला की 'नाव लांब होतं' असं जाहीर करून मोकळे होतात. या चाचणीत एकदम तीन गोष्टी बदलतात: पाथ बदलतो, डिस्क बदलते, केबलही मधून जाते. डिस्कमध्ये खोट असली तरी निकाल हाच येईल. त्याऐवजी असं करा. सॉफ्टवेअर बंद करा. एक्स्प्लोररमध्ये 'बॅकअप - जुनी हार्डडिस्क' या फोल्डरचं नाव फक्त 'ब' करा. बाकी कशालाही हात लावू नका. डिस्क तीच, केबल तीच, फाइल तीच, लांबी मात्र २६१ वरून २३९. मग एक नवा, रिकामा, तात्पुरता कॅटलॉग उघडा आणि तोच फोल्डर इम्पोर्ट करा. चालू कॅटलॉगमध्ये हा प्रयोग करू नका, नाहीतर आधी आत गेलेल्या सगळ्या फोटोंवर प्रश्नचिन्हं उमटतील आणि तुमचा जीव घाबरा होईल.

आत गेले? अर्धं काम झालं. आता उलटी चाचणी. मोबाइलमधला एखादा साधा, निर्दोष फोटो घ्या, त्याला तसंच ९२ अक्षरांचं लांब नाव द्या, 'निवडलेले फायनल'मध्ये ठेवा, मग वरच्या फोल्डरचं नाव पुन्हा पूर्ववत करा आणि फक्त तो एक फोटो इम्पोर्ट करून पाहा. सॉफ्टवेअर पुन्हा गायब झालं तर गुन्हा शाबीत. नाही झालं, तर लांबी निर्दोष आहे किंवा तिला आणखी कोणाची साथ आहे.

तिसरी चाचणी लिपीची, आणि ती आपल्या लोकांनी करायलाच हवी. तितक्याच लांबीचा पाथ ठेवा, पण नावं रोमन लिपीत. देवनागरीत बंद पडतं आणि रोमनमध्ये चालतं असं दिसलं, तर भानगड लांबीची नसून युनिकोडची, म्हणजे सगळ्या लिपींना एकाच तक्त्यात आकडे देणाऱ्या पद्धतीची आहे. विंडोजमध्ये देवनागरीसाठी जुन्या प्रोग्रामांना वापरता येईल असं सिस्टिम कोडपेज, म्हणजे अक्षरांना आकडे देणारा जुना तक्ता, नाही. मराठी, हिंदी या तिथे फक्त युनिकोडमधूनच चालणाऱ्या भाषा आहेत. त्यामुळे युनिकोड न जाणणारा एखादा जुना प्लगइन किंवा अल्बमवाल्याने दिलेला अपलोडर नाव विचारतो, तेव्हा त्याच्या हातात प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह पडतं. प्रश्नचिन्ह तर विंडोजच्या फाइलनावात चालतच नाही. पुढे तो प्रोग्राम ते कसं निभावतो हे ज्याने तो लिहिला त्याच्या शिस्तीवर अवलंबून. विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये, सिस्टिम लोकेल बदलण्याच्या खिडकीत, जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८ (युनिकोड लिहिण्याची एक रीत) वापरा असा एक पर्याय आहे, त्यावर 'बीटा' लिहिलेलं असतं. त्याने कधी कधी काम होतं. पण त्याच मशीनवर जुनं बिलिंगचं किंवा जुन्या मराठी फाँटचं सॉफ्टवेअर असेल तर ते बिघडू शकतं, म्हणून मी तो शेवटचा उपाय मानतो.

खरं तर लांब पाथ आला म्हणून नीट लिहिलेला प्रोग्राम कोसळत नाही. तो 'फाइल सापडली नाही' म्हणतो आणि पुढच्या फोटोकडे वळतो. कोसळतो तो दोन वाटांनी. एक म्हणजे प्रोग्रामने पाथसाठी २६० अक्षरांचा कप्पा ठेवलेला असतो आणि न मोजता त्यात २६१ ओतली जातात. शेजारची मेमरी खराब होते, राखणीला ठेवलेल्या खुणेवरून ते लक्षात येतं आणि प्रोग्राम जागच्या जागी संपवला जातो. खिडकी दाखवायलाही वेळ नसतो, म्हणून तुम्हाला काही संदेश दिसत नाही. दुसरी वाट म्हणजे मूळ फोटो वाचता येतो, पण सॉफ्टवेअरला त्याच्या शेजारी स्वतःची एखादी फाइल लिहायची असते: एडिटच्या नोंदींची एक्सएमपी फाइल, तात्पुरती फाइल, काही आवृत्त्यांत नॉइज काढल्यावर बनणारी डीएनजी. मूळ नावापुढे 'एन्हान्स्ड-एनआर', 'पॅनो', 'एचडीआर' अशी शेपटं लागतात. मूळ पाथ २५५ वर असला तर शेपूट लागताच तो पलीकडे जातो. इम्पोर्ट सुरळीत आणि डीनॉइज करताना मात्र बोंब, असं कोणी सांगितलं की मी आधी याच ठिकाणी पाहतो. कॅटलॉग स्वतः खोल फोल्डरात ठेवलेला असेल तर तेही तपासा. प्रीव्ह्यूच्या फायलींना सॉफ्टवेअर आकड्या-अक्षरांची लांबलचक नावं देतं आणि तीही फोल्डरात फोल्डर करून ठेवतं.

कोणत्या वाटेनं गेलं ते पाहायचं असेल तर स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी हिस्ट्री' शोधा. त्या दिवशीची लाल फुली उघडली की सॉफ्टवेअरच्या नावाखाली फॉल्टिंग मॉड्यूल (ज्या तुकड्यात गडबड झाली तो) आणि एक्सेप्शन कोड (कोसळण्याच्या प्रकाराचा क्रमांक) मिळतो. मॉड्यूलचं नाव ग्राफिक्स ड्रायव्हरच्या डीएलएलचं असेल, म्हणजे एनव्हीडियाच्या फायलींची सुरुवात असते तशी एनव्हीने, तर नावांचा नाद सोडा आणि सॉफ्टवेअरमधलं ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन बंद करून पाहा. कोडच्या शेवटी ४०९ असेल तर मघाशी सांगितलेल्या कप्पा उतू जाण्याच्या प्रकाराला बळ मिळतं. पुरावा मात्र मिळत नाही, कारण प्रोग्राम स्वतःहून घाईने बंद झाला तरी हाच कोड पडतो. शेवटी नुसता ५ असेल तर तो अ‍ॅक्सेस व्हायोलेशन. त्यावरून काहीच ठरत नाही, तो कोड जवळपास कुठल्याही कारणाने येतो.

याहून पक्कं काम करतो मायक्रोसॉफ्टचा फुकट मिळणारा 'प्रोसेस मॉनिटर'. तो चालू करून फिल्टरमध्ये फक्त तुमच्या सॉफ्टवेअरचं नाव ठेवा, क्रॅश होऊ द्या आणि मग यादीच्या शेवटापासून वर वाचा. सॉफ्टवेअरनं मरण्याआधी शेवटच्या कोणत्या फाइलला हात घातला ते तिथे दिसतं. त्या फोटोच्या ओळीत, निकालाच्या रकान्यात 'नेम टू लाँग', 'नेम इनव्हॅलिड' किंवा 'पाथ नॉट फाउंड' दिसलं तर संशय बळावतो. 'नेम नॉट फाउंड' मात्र धडधाकट प्रोग्रामच्या यादीतही हजारोंनी दिसतं, प्रोग्राम दहा ठिकाणी डोकावतो आणि अकराव्या ठिकाणी त्याला फाइल मिळते, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्यांदा ही यादी पाहणारे त्यालाच घाबरतात.

चाचण्यांत लांबी सुटली, तर? मग ठरलेले संशयित आहेत. कार्डावरून उतरताना अर्धवट राहिलेली एखादी रॉ (कॅमेऱ्याने दिलेली कच्ची) फाइल. ती शोधायला फोल्डर निम्मा-निम्मा करत इम्पोर्ट करा, हजार फोटोंतला एक दोषी गाठायला दहा वेळा निम्मं करणं पुरतं. दुसरा, फोल्डरात फोटोंबरोबर पडलेले व्हिडिओ, त्यांचं थंबनेल काढताना कोडेक (व्हिडिओ उलगडणारा भाग) गडबडतो. तिसरा, विंडोज सिक्युरिटीतलं 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस': ते चालू असेल तर पिक्चर्स फोल्डरमध्ये लिहू पाहणाऱ्या अनोळखी प्रोग्रामला अडवतं. आणि यूएसबी हबवर लटकवलेली डिस्क. ती सरळ मशीनला लावा.

आता उपाय. लांबी दोषी ठरली असं धरू. सगळ्यात स्वस्त उपाय फायलींना नाही, वरच्या फोल्डरांना कात्री लावण्याचा. 'बॅकअप - जुनी हार्डडिस्क' ऐवजी 'ब' केलंत की २२ अक्षरं वाचली, आणि ती त्या डिस्कवरच्या प्रत्येक फाइलसाठी वाचली. 'स्टुडिओ काम' या फोल्डरची गरजच काय? अख्खी डिस्क स्टुडिओच्याच कामाची आहे. वरून खाली असं छाटत या, खालून वर नको. खालच्या फोल्डरापर्यंत एक्स्प्लोरर पोचतच नाही अशी वेळ येते आणि वरचं एक नाव आखडलं की तोच फोल्डर निमूट उघडतो. तरीही हट्टाने उघडत नसेल तर कमांड प्रॉम्प्टवर 'सब्स्ट' ही जुनी आज्ञा आहे, आतल्या फोल्डरला तात्पुरतं एक ड्राइव्हचं अक्षर देते. सेव्हन-झिपचा फाइल मॅनेजर आणि विंडोजबरोबर येणारा 'रोबोकॉपी' या दोघांना लांब पाथचं वावडं नाही. रोबोकॉपीचा मिरर पर्याय मात्र समजून घेतल्याशिवाय वापरू नका, तो दुसऱ्या बाजूच्या जास्तीच्या फायली पुसून टाकतो.

फायलींचीच नावं बदलायची ठरली तर ती एक्स्प्लोररमधून बदलू नका. कॅटलॉगमध्ये आधीच असलेल्या फोटोंची नावं सॉफ्टवेअरच्या आतूनच बदला, म्हणजे एडिटच्या नोंदी आणि एक्सएमपी फायली त्यांच्याबरोबर जातील. बाहेरून बदललीत तर सॉफ्टवेअरच्या लेखी तो फोटो हरवला, आणि तीन हजार हरवलेले फोटो एकेक करून दाखवत बसण्यात रविवार जाईल. फोल्डर हलवला असेल तर बरं असतं, वरच्या एका फोल्डरची नवी जागा दाखवली की आतले सगळे सापडतात.

'लाँग पाथ' चालू करण्याची विंडोजची सोय अनेक जण सुचवतील. ती आहे, विंडोज १० च्या २०१६ मधल्या १६०७ आवृत्तीपासून आहे, प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीतून आणि होममध्ये रजिस्ट्रीतून चालू करता येते. केल्याने सहसा नुकसान नाही. पण ती एकटी पुरत नाही, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानेही 'मला लांब पाथ चालतो' असं आपल्या प्रोग्राममध्ये जाहीर केलेलं असावं लागतं. दोन्ही कुलपं उघडली तरच दार उघडतं. शिवाय मुख्य सॉफ्टवेअर तयारीचं असलं तरी त्यातला एखादा प्लगइन २६० चाच कप्पा घेऊन बसलेला असू शकतो, आणि एक्स्प्लोररलाही या सोयीचा नीट उपयोग होत नाही. म्हणून मी तिच्यावर भरवसा ठेवून कामाची घडी बसवत नाही. फोटो तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये जन्मभर थोडाच राहणार आहे? तो अल्बम डिझाइनरकडे जातो, लॅबकडे जातो, यजमानांच्या पेनड्राइव्हवर जातो. साखळीतली एक कडी जुनी असली तरी अडलं.

एनएएसवर (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारी डिस्कची पेटी) बॅकअप घेत असाल तर आणखी एक हिशेब आहे, तोही देवनागरीलाच नडतो. एनएएस बहुधा लिनक्सवर चालतात. तिथे एका नावाला २५५ ची मर्यादा आहे, पण अक्षरांची नाही, बाइटची. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे निव्वळ मराठी नावाला ८५ चिन्हं. तुमचं ९२ चं फाइलनाव मी मोजलं: ५७ देवनागरी चिन्हं, ३५ टिंबं, स्पेस, डॅश आणि रोमन अक्षरं, मिळून २०६ बाइट. साध्या शेअरवर ते बसेल. ईक्रिप्टएफएस पद्धतीने एनक्रिप्ट केलेल्या शेअरवर मर्यादा १४३ बाइटची असते, तिथे ते बसणार नाही.

जाता जाता एक वेगळा त्रास, कारण त्यालाही लोक 'लांब नावाचा प्रॉब्लेम' म्हणतात. 'दुसऱ्या दिवशी' असं फोल्डरचं नाव दोन कीबोर्डांवर दोन तऱ्हांनी टाइप होतं. एकात नुक्त्याचा ऱ येतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. विंडोजच्या लेखी ती दोन वेगळी नावं, आणि एकाच जागी दोन्ही फोल्डर गुण्यागोविंदाने नांदतात. 'अ‍ॅल्बम'चंही तसंच, त्यातला पहिला स्वर दोन प्रकारे लिहिता येतो. जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस डिस्कवरून आलेल्या नावांत तर ऱ चे र आणि नुक्ता असे दोन तुकडे झालेले असतात. कॅटलॉगला एक नाव ठाऊक, डिस्कवर दुसरं. फोटो 'मिसिंग' दिसतात. यात क्रॅश सहसा होत नाही, पण डोकं मात्र पुरतं उठतं. फोल्डर सॉफ्टवेअरला हाताने दाखवून द्यायचा, दुसरा इलाज नाही.

पुढच्या सीझनसाठी माझी पद्धत सांगतो, घ्यायची तर घ्या. डिस्कच्या मुळाशी वर्षाचा फोल्डर, त्यात तारीख आणि आडनाव एवढाच लग्नाचा फोल्डर, त्यात विधीचा. बस, तीन पायऱ्या. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख आणि कॅमेऱ्याचा मूळ क्रमांक. तारीख हवीच, कारण कॅमेऱ्याचा मोजणीचा आकडा चारच अंकी असतो, ९९९९ नंतर पुन्हा एकपासून सुरू होतो आणि मग एकाच नावाचे दोन फोटो एकमेकांच्या उरावर बसतात. पत्रिकेचा मजकूर नावात कशाला? तो मेटाडेटात, म्हणजे फोटोसोबत साठवल्या जाणाऱ्या माहितीत घाला: मथळा, कॅप्शन, कीवर्ड. शोधायलाही तेच बरं पडतं. तिथेही एक कुसळ आहे. आयपीटीसी या, फोटोत माहिती लिहिण्याच्या जुन्या पद्धतीत एका कीवर्डला ६४ बाइट मिळतात, देवनागरीत २१ चिन्हं. 'सीमांतपूजन' आरामात बसतं, 'यजमानांच्या घरची हळद आणि सीमांतपूजन' मध्येच तुटतं. कॅप्शनला २००० बाइट असतात, लांबण लावायची ती तिथे लावा. एक्सएमपीला ही बंधनं नाहीत, पण बरीच सॉफ्टवेअरं दोन्हीकडे लिहितात, आणि पुढचा कोणती प्रत वाचेल याचा नेम नसतो.

अल्बमसाठी बारा बाय छत्तीसच्या पीएसडी टेम्प्लेटचे गठ्ठे उतरवून ठेवता ना? त्यांच्याकडेही एकदा पाहा. झिप उघडली की झिपच्या नावाचा फोल्डर, त्याच्या आत त्याच नावाचा दुसरा, त्यात साइटचं नाव आणि 'फ्री डाउनलोड' वगैरे जाहिरात. विंडोजचं 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' कधी कधी तिथेच पाथ लांब असल्याची तक्रार करून थांबतं आणि अर्धी टेम्प्लेटं बाहेर येतच नाहीत. झिप ड्राइव्हच्या मुळाशी, दोन अक्षरी फोल्डरात उघडा.

आता राहिली डी ड्राइव्हवरची मूळ प्रत. जी मर्यादा तुमच्या सॉफ्टवेअरला नडली, ती कॉपी करणाऱ्या आणि बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामलाही नडू शकते, आणि त्यातले काही जण न जमलेल्या फायली गुपचूप वगळून 'पूर्ण झालं' म्हणतात. एक्स्प्लोररच्या प्रॉपर्टीजमधल्या आकड्यावर इथे विसंबू नका, तोही खोलातल्या फायलींपाशी अडखळू शकतो. रोबोकॉपीला 'फक्त यादी कर, कॉपी करू नको' असा पर्याय देता येतो. तो आधी मूळ डिस्कवर आणि मग एक्स्टर्नलवर चालवा, शेवटी येणारा फायलींचा आकडा आणि एकूण बाइट दोन्हीकडे ताडून पाहा. ते तंतोतंत जुळले, आणि 'निवडलेले फायनल'मधले चार-सहा रॉ फोटो एक्स्टर्नलवरून पूर्ण उघडून शंभर टक्के झूम करून पाहिलेत, की मग डी ड्राइव्ह मोकळा करा. एका फाइलचाही फरक आला तर तो फोल्डर पुन्हा रोबोकॉपीनेच न्या, आणि इम्पोर्टची चाचणी त्यानंतर.